बरे झालेल्या मुलांचे पुढे काय?

पारनेर तालुक्यातल्या सुपा एमआयडीसीत कामाला लागायचे, तर बहुतेक ठिकाणी आधी वैद्यकीय तपासणी होते. वजन, रक्तदाब, डोळे, छातीचा एक्स-रे आणि ‘यापूर्वी काही मोठा आजार?’ हा प्रश्न. लहानपणी रक्ताच्या कर्करोगातून बरा झालेला तरुण या प्रश्नापाशी अडखळतो. खरे सांगावे, तर नोकरी हातची जाण्याची धास्ती. लपवावे, तर उपचारांचा हृदयावर काही परिणाम झाला असल्यास तो ओझी उचलण्याच्या कामावर असतानाच उघड व्हायचा. त्याला बरे करणाऱ्या आरोग्यव्यवस्थेने या पेचाचा विचारच केलेला नाही.

असे तरुण आता थोडेथोडके राहिलेले नाहीत आणि ही वैद्यकशास्त्राची मोठीच कमाई आहे. 1980 च्या दशकात परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी ‘एमसीपी 841’ ही उपचारपद्धती सुरू केली. त्याआधी पाचातले जेमतेम एक मूल वाचे. नंतर हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये उद्दिष्ट ठरवले, की 2030 पर्यंत जगभरातली किमान 60 टक्के कर्करोगग्रस्त मुले वाचली पाहिजेत. भारतात दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक मुलांना कर्करोग होतो, असा अंदाज आहे. त्यातली जितकी अधिक मुले बरी होतील, तितकी पुढच्या देखरेखीची गरज वाढत जाणार.

कारण कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे वाढत्या अंगातही खोलवर गेलेली असतात. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाची एकूण मात्रा जास्त झाली असेल, तर दहा-वीस वर्षांनी हृदयाचे स्नायू दुबळे पडू शकतात. सिस्प्लॅटिनमुळे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या अशा मुलाला ‘स’ आणि ‘श’ धड ऐकू येत नाहीत आणि गुरुजी ‘लक्ष कुठंय?’ म्हणून रागावतात. डोक्याला किरणोपचारांचा शेक दिला असेल, तर उंची खुंटू शकते, अभ्यास जड जाऊ शकतो. छातीला शेक घेतलेल्या मुलींना ऐन तरुणपणी स्तनांच्या कर्करोगाचा धोका असतो. अमेरिकेत 1970 ते 1986 या काळात आजाराचे निदान झालेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा झाला. निदानानंतर तीस वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे 73 टक्के जणांना एखादी तरी दीर्घकालीन व्याधी जडली आणि सुमारे 42 टक्के जणांच्या बाबतीत ती गंभीर किंवा जिवावर बेतणारी ठरली.

सगळ्यांच्याच वाट्याला हे येते, असे मुळीच नाही. बरी झालेली कित्येक मुले शिकतात, नोकरी करतात, त्यांचे संसार होतात. कोणाला कोणते औषध किती मिळाले, शेक कुठे दिला, यावर पुढचा धोका ठरतो. सरसकट भीती घालण्यापेक्षा ज्याला जी तपासणी हवी, ती त्याला वेळेवर मिळणे महत्त्वाचे.

महाराष्ट्राला हे फार लवकर कळले होते. टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने 1991 मध्ये ‘अ‍ॅक्ट क्लिनिक’ सुरू झाले. उपचार संपून दोन वर्षे रोगमुक्त राहिलेल्या मुलांची तिथे नियमित तपासणी होते, त्यांच्या शिक्षणाची आणि मनःस्थितीची विचारपूस होते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने 2009 मध्ये बरे झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट उभा राहिला. देशाला वाट दाखवणारे हे काम आहे.

मात्र ते परळमध्ये आहे आणि मुले गावोगावी आहेत. उपचार चालू असताना आई-बाप उधार-उसनवार करून मुंबई गाठतात. मूल हुंदडायला लागले, की वर्षातून एकदा नुसत्या तपासणीसाठी दोन-तीन रोज बुडवणे जिवावर येते. एसटीत आणि रेल्वेत कर्करुग्णांना सवलत आहे. बुडालेला रोज कोणी भरून देत नाही. अठरा वर्षे झाली, की बालरोगतज्ज्ञांचा हात सुटतो आणि मोठ्यांच्या डॉक्टरांना जुना इतिहास ठाऊक नसतो. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, की उपचारांची जाडजूड फाइल माळ्यावर जाते. नेमके त्याच फाइलमध्ये औषधांच्या मात्रांचे आकडे असतात.

यावरचा पहिला उपाय अगदी स्वस्त आहे. उपचार संपताना प्रत्येक कुटुंबाच्या हाती एका पानाचा मराठी गोषवारा दिला पाहिजे: आजार, औषधे, त्यांची एकूण मात्रा, शेकाची जागा आणि पुढे कोणत्या वर्षी कोणती तपासणी. त्याची एक प्रत आयुष्मान भारत आरोग्य खात्यावर असावी. हृदयाचा इको, थायरॉइडची रक्ततपासणी, कानांची तपासणी यांसाठी सुप्याच्या माणसाने परळला जाण्याचे कारण नाही. नगरला हे सारे होऊ शकते. अडचण आलीच, तर टाटाच्या डॉक्टरांचा सल्ला दूरध्वनीवरून घेता येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत या मुलांसाठी आजन्म तपासण्यांचे वेगळे पॅकेज असावे आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याची अट नसावी.

नोकरीचा प्रश्न कायद्यानेच सुटेल. फ्रान्समध्ये उपचार संपून पाच वर्षे झाली, की कर्ज-विम्यासाठी जुन्या कर्करोगाची माहिती द्यावी लागत नाही. आपल्याकडे किमान एवढा नियम हवा, की जुना आजार हे नोकरी नाकारण्याचे कारण ठरणार नाही. तो सांगितल्यास झेपेल असे काम मिळेल.

बरी झालेली शाळकरी मुले शोधायला नवी यंत्रणाही नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथके वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जातात. श्रवणदोष आणि अध्ययनातील अडचणी त्यांच्या यादीत आहेतच. ‘या मुलावर कर्करोगाचे उपचार झाले आहेत का?’ हा प्रश्न मात्र तिथे नाही. जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने येत्या तपासणीत तो पालकांना खासगीत विचारावा, नावे गोपनीय ठेवून नोंदवही करावी आणि त्या मुलांच्या इकोसाठी जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस राखून ठेवावा. यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.