एका मिलिमीटरचा हिशेब

मे २०२५ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने अमेरिकेच्या कार्सन क्राहेला १३९-१३८ असे नमवून कम्पाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले. त्याच शांघायमध्ये २०२३ साली बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवले होते. दोन्ही विजय वऱ्हाडाचे आणि दोन्ही अवघ्या एका गुणाचे. हा एक गुण केवळ मनगटाच्या बळावर मिळत नाही, ही बाब मात्र कौतुकाच्या गदारोळात नजरेआड झाली.

कम्पाउंड धनुष्य हे मुळात एक यंत्र आहे. दोन्ही टोकांच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच हलका होतो आणि खेळाडूला स्थिर नेम धरता येतो. मात्र ही दोन्ही चाके एकाच क्षणी थांबली नाहीत, तर बाणाचे शेपूट वरखाली होत सुटते. बाणाचा टेकू किंचित डावीउजवीकडे असला, दोरीवर बाण अडकवण्याची जागा चुकली, किंवा धनुष्याच्या ताणाच्या मानाने बाण फार लवचिक वा फार ताठ निघाला, तरीही तो हेलकावत जातो. म्हणूनच जाणकार खेळाडू काही पावलांवर ताणलेल्या कागदातून बाण सोडून पाहतो. छिद्र स्वच्छ पडले तर जुळवणी बरोबर. कागद एका अंगाला फाटला तर दोष कोठे आहे, ते त्या फाटण्यावरून शोधावे लागते. तेही एका वेळी एकच बदल करून, कारण दोन बदल एकदम केले तर कोणता लागू पडला, हे कळत नाही.

या स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असते आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे. डोळ्यासमोरचे दोरीतील छिद्र आणि पुढचा नेमदर्शक यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर छिद्र एक मिलिमीटर सरकताच बाण सुमारे ६ सेंटिमीटर ढळतो. म्हणजे मध्यावर धरलेला नेमही दहाच्या बाहेर. अकोला-अमरावतीचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा उष्णतेत, विशेषतः बंद मोटारीत ठेवलेल्या धनुष्याची कृत्रिम धाग्याची दोरी ताणली जाण्याचा धोका असतो. सकाळी जुळवलेले धनुष्य दुपारी तेच राहील, याची खात्री वऱ्हाडात तरी देता येत नाही.

अमरावतीला क्रीडापरंपरेची उणीव नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले होते. त्याच बर्लिनमध्ये २०२३ साली नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी कम्पाउंडचे जगज्जेते ठरले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८ च्या लॉस एंजलिस स्पर्धेत कम्पाउंड मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश केला. आजवर ऑलिम्पिकबाहेर राहिलेल्या या प्रकाराला त्यामुळे नवे महत्त्व आले आहे.

पदकानंतर सत्कार होतात, रोख बक्षिसे जाहीर होतात. परंतु महागडे धनुष्य हाती आले म्हणजे काम संपले, असे नव्हे. दोऱ्या बदलणे, चाके जुळवणे, नोंदी ठेवणे हे जाणणारा माणूस सराव केंद्रावरच हवा. प्रशिक्षकाइतकेच मोल या तंत्रज्ञाला दिले नाही, तर होतकरू मुले आपल्या हाताची चूक शोधत राहतील आणि दोष मात्र दोरीत असेल.