इंजिनाचे पोपडे आणि पोराचे पोट

पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात होड्यांची डागडुजी सुरू होते. शिडाच्या जुन्या होडीला मागाहून बसवलेले इंजिन खाऱ्या हवेने गंजते, रंगाचे पोपडे सुटतात. नारळी पौर्णिमेच्या आत ते खरवडून नवा हात मारायचा, ही रीतच आहे. रीत चांगली. खरवडण्याची पद्धत मात्र घातक.

काही वर्षांपूर्वी एका नाखव्याच्या सुनेने पाच वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले. पोटात दुखते, शौचाला साफ होत नाही, चिडचिड करतो. मी जंताचे औषध दिले. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. चेहरा फिकट दिसला म्हणून लोहाचे औषध दिले. तिसऱ्या खेपेला आजोबा घेऊन आले. त्यांच्या नखांत हिरवा रंग होता. विचारले तेव्हा म्हणाले, "जुन्या इंजिनाचा रंग काढतोय डॉक्टर. पोर माझ्याच बाजूला खेळतो." रक्त तपासणीला पाठवले, शिसे प्रमाणाबाहेर निघाले. घरात काय काम चालते, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. चूक माझी होती.

जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी. लोखंडाला गंज लागू नये म्हणून खाली लावला जाणारा शेंदूर म्हणजे शिशाचाच संयुग. पिवळ्या आणि हिरव्या रंगांतही शिसे वापरले जात असे. रंग घट्ट बसलेला असेपर्यंत फारसा धोका नाही; कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती श्वासातून जाते, जमिनीवर बसते, रांगणाऱ्या पोराच्या बोटांवरून तोंडात जाते. त्याच हातांवर तंबाखू मळली की मोठ्यांच्याही पोटात जाते. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातले शिसे पुढे कमी होते. मुलाच्या मेंदूची झालेली हानी मात्र औषधाने भरून येत नाही.

म्हणून वाचकहो, एवढे पाळा. जो रंग घट्ट आहे त्याला हात लावू नका. सुटलेले पोपडे तेवढेच काढा. आधी साबणाच्या पाण्याने तेल-ग्रीस धुवा. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा. कोरडा तारेचा ब्रश, ग्राइंडर आणि रंग जाळणे नको. खाली प्लास्टिक अंथरा, पोपडे त्यातच गुंडाळा, खाडीत टाकू नका. तोंडाला रुमाल पुरत नाही. कोरोनाच्या साथीत ओळखीचा झालेला एन-९५ मास्क बांधा. मुले व गरोदर स्त्रिया दूर असाव्यात. हात थिनरने नव्हे, साबणाने धुवा आणि मगच तंबाखू-भाकरीला हात लावा. तंबाखू सोडलीत तर उत्तमच! कामाचे कपडे वेगळे धुवा. बंदिस्त जागेत रंग देऊ नका, इंजिनही चालवू नका. धुराच्या नळीला जुनी पांढरी दोरी गुंडाळलेली असेल तर ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. तिला घासू नका.

आता सरकारला एक सांगणे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. भिंतीच्या रंगाला मर्यादा, आणि आजोबा अंगणात बसून इंजिनाला लावतात त्या रंगाला नाही, हा कुठला न्याय? मुलाच्या पोटात गेलेले शिसे भिंतीचे की इंजिनाचे, हे शरीर विचारत नाही. ही मर्यादा होडीच्या आणि इंजिनाच्या रंगांनाही लावावी. मच्छीमार सहकारी संस्थांनी तशी मागणी करावी. तोवर पावसाळ्याआधी सभासदांना वॉटर पेपर आणि मास्क द्यावेत. खर्च किरकोळ आहे.

तो मुलगा आता शाळेत जातो. अभ्यासात जरा मागे आहे. कारण शिसेच, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नाहीच, असेही म्हणू शकत नाही.