मेसच्या फ्रिजमधला डबा

मराठी विभागासाठी लिहितोय म्हटल्यावर आख्खी विंग हसली. बरोबरच आहे, मी कॉन्व्हेंटवाला. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं.

मेसच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे एक डबा असतो, त्यावर स्केचपेनने 'हात लावू नये' लिहिलंय. तो माझ्या रूम-पार्टनरचा. त्याला नववीपासून टाईप वन डायबेटीस आहे, म्हणजे रोज इन्सुलिन घ्यावंच लागतं. लाईट गेली की मेसचे काका आधी तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवतात, मग दुधाचं बघतात.

गेल्या महिन्यात तो म्हणाला, "एम.एस.ला अमेरिका नको, कॅनडा बघतो." मी विचारलं, थंडी आवडते का रे? तर म्हणे, "इन्सुलिन."

मला वाटलं फेकतोय. मग आकडे बघितले. 2018 साली कंपन्यांच्या किमती धरून रँड या संस्थेने तुलना केली होती. एका ठराविक मापाला अमेरिकेत सरासरी 98.70 डॉलर, कॅनडात 12, इंग्लंडमध्ये साडेसात, ऑस्ट्रेलियात सातसुद्धा नाहीत. मधल्या दलालांना मिळणारी सूट त्यात वजा नव्हती हे खरं, पण विमा नसलेल्या माणसाला ती सूट देतो कोण? 2019 साली अमेरिकेतले पेशंट बस करून कॅनडात इन्सुलिन आणायला गेले होते. औषध तेच, नुसती बॉर्डर ओलांडली की स्वस्त! त्यामुळे 'रिसर्चचा खर्च' हे कारण मला तरी पटत नाही. बाकीच्या देशांत सरकार किमतीवर घासाघीस करतं, तिथे वर्षानुवर्षं कोणी केलीच नाही. आणि बँटिंग व साथीदारांनी 1923 साली पेटंट टोरांटो विद्यापीठाला दिलं ते एकेका डॉलरला.

आपल्याकडे साध्या ह्यूमन इन्सुलिनची 10 मिलीची बाटली दोनशेच्या आत मिळते, कारण सरकारने कमाल किंमत बांधलीय. पण बाटलीला बाटली लावू नका. आपली 40 युनिटवाली, तिकडची 100 ची. म्हणजे दोनशेचे पाचशे धरा. (एम-थ्रीपेक्षा हे गणित सोपं आहे.) तरी फरक केवढा! मात्र फार कॉलर ताठ करू नये. शुगर तपासायच्या स्ट्रिप्सवर त्याचा इन्सुलिनपेक्षा जास्त खर्च होतो.

मी त्याला म्हटलं, अरे 2023 मध्ये तिकडे भाव उतरले, एका कंपनीची बाटली तर 25 डॉलरवर आली. तो म्हणाला, "ते कंपनीने मनाने केलंय. महिन्याला 35 डॉलरची मर्यादा घालणारा केंद्राचा कायदा मेडिकेअरवाल्यांना, म्हणजे बहुतेक पासष्टीच्या पुढच्यांना. मी वीसचा." यावर मला उत्तर सुचलं नाही.

फॉर्म त्याने शेवटी दोन्हीकडे भरलेत.

आणि हो, गॅदरिंगच्या रात्री कोल्ड्रिंकच्या बाटल्या कोंबायला ज्याने तो डबा बाहेर काढून ठेवला, त्याने निदान काकांना तरी सांगायचं होतं. सकाळपर्यंत डबा ओट्यावरच होता.