रात्रपाळी घरातही येते

गळीत हंगाम सुरू झाला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार वाढते. डोके दुखणे, झोप न लागणे, चिडचिड. तक्रार बाईंची असते आणि पाळीवर असतो त्यांचा नवरा. परवा अशाच एक बाई आल्या. रक्तदाब ठीक निघाला, म्हणून घरची चौकशी केली. नवरा साखर कारखान्यात, रात्रपाळीला. सकाळी नऊला येऊन झोपतो. घर दोन खोल्यांचे. धाकट्याला दिवसभर एकच सांगणे, "हळू, बाबा झोपलेत!" पुढच्या आठवड्यात दुपारची पाळी, म्हणजे मुले शाळेतून येतात तेव्हा बाबा कामावर, आणि बाबा येतात तेव्हा मुले झोपेत. "महिन्याभरात भांडणाशिवाय आमचं बोलणंच झालं नाही," असे म्हणून त्या रडू लागल्या.

हा गृहस्थ स्वभावाने वाईट नाही. त्याची झोप अपुरी आहे. आपल्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारावर चालते. त्याची यंत्रणा शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसाची झोप कमी तासांची आणि उथळ होते. त्यातून पित्त, रक्तदाब आणि चिडचिड येते. घरच्यांना मात्र वाटते, माणसाची मायाच आटली. कामाचे तास वाढणेही तितकेच घातक. आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सांगितले.

हे सांगणारा मी तरी कोठे वेगळा होतो? माझा दवाखाना रात्री दहापर्यंत चालायचा. एकदा माझी मुलगी केसपेपर काढून रांगेत बसली. नंबर आल्यावर तिने प्रगतिपुस्तक सहीसाठी पुढे केले. पेशंट हसले, मीही हसलो. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद असतो.

पाळी सर्वांनाच टाळता येत नाही. पण काही गोष्टी हातात आहेत. झोपण्याच्या खोलीला जाड पडदा लावा. पाळीच्या शेवटच्या तासांत चहा घेऊ नका. झोपेसाठी दारू किंवा मनाने आणलेल्या गोळ्या तर नकोतच. पाळीचे वेळापत्रक भिंतीवर लावा, म्हणजे बाबा कधी भेटणार हे मुलांना कळेल. रात्रपाळीहून आल्या आल्या पैशाचा किंवा भांडणाचा विषय काढू नका. आणि दिवसातले एक जेवण सर्वांनी एकत्र घ्या, मग ते दुपारी चारला का असेना.

कारखानदारांनाही एक विनंती. पाळी बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा क्रम ठेवा. उलट्या क्रमापेक्षा हा शरीराला सोसतो. यंत्राला तेल घालायला आपण विसरत नाही. माणसाला झोप आणि घर दोन्ही लागते.

त्या बाईंना मी गोळी दिली नाही. पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या, एवढेच सांगितले.