गरोदरपणात पोट दुखतंय? ‘होतंच असं’ म्हणू नका

गरोदर बाईने पोट दुखतंय म्हटलं की घरात ठरलेलं उत्तर मिळतं, ‘या दिवसांत होतंच असं.’ मग ओव्याचं पाणी, बेंबीला हिंगाचा लेप, ॲसिडिटीची गोळी. बहुतेक वेळा त्यावर भागतंही. पण साधारण हजार-दीड हजार गरोदर बायकांमध्ये एकीला अपेंडिक्सची सूज येते, आणि तिच्यासाठी हे थांबणं धोक्याचं ठरतं.

ओळखायचं कसं? दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. शेवटच्या महिन्यांत वाढलेल्या गर्भाशयामुळे अपेंडिक्स वर ढकललं जाऊ शकतं, तेव्हा उजव्या कुशीत किंवा बरगडीखालीही दुखतं. बाळंतपणाच्या कळा येतात-जातात. हे दुखणं थांबत नाही, वाढतच जातं. चालताना, खोकताना, गाडीच्या धक्क्याने जास्त जाणवतं. जेवणावरची वासना उडते. उलट्या पहिल्या तीन महिन्यांत नेहमीच्याच, पण सहाव्या महिन्यात पोटदुखीपाठोपाठ नव्याने सुरू झाल्या तर दुर्लक्ष करू नका. ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका. तो नसूही शकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी गरोदरपणात एरवीही वाढतात, त्यामुळे नुसत्या रक्ततपासणीवरून निदान होत नाही. आधी सोनोग्राफी करतात. त्यात नीट दिसलं नाही तर एमआरआय करता येतो. त्यात क्ष-किरण नसतात.

खरी अडचण येते ती ऑपरेशनपाशी. ‘बाळाला काही झालं तर?’ ही भीती रास्त आहे. पण माझ्या मते आपण भीती चुकीच्या गोष्टीची बाळगतो. अपेंडिक्स फुटण्याआधी ऑपरेशन झालं तर बाळ गमावण्याचा धोका साधारण ५ टक्क्यांच्या आत असतो. फुटल्यावर तो २० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. गरोदरपणातही योग्य भूल देऊन, बऱ्याचदा दुर्बिणीतून, हे ऑपरेशन करता येतं.

म्हणून पोट चार-सहा तास सलग दुखत असेल तर सकाळची वाट पाहू नका. सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघेही असतील अशा रुग्णालयात जा. जाण्याआधी काही खाऊ नका, आणि एरंडेल किंवा जुलाबाचं औषध तर मुळीच घेऊ नका. अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर ताबडतोब निघा. तपासून काही निघालं नाही, तर ‘उगाच आलो’ असं वाटून घेऊ नका. आम्हा डॉक्टरांना ते केव्हाही चालतं.