गावात नेमकं कुठे?

तोक्योच्या तोझाई लाइनवर निशी-कासाईपासून चौथं स्टेशन ग्योतोकु. निशी-कासाईत भारतीय आयटीवाल्यांची मोठी वस्ती आहे, आणि नदीपलीकडे इथपर्यंतही मराठी घरं आहेत. स्टेशनजवळच्या एका कॉफीच्या दुकानात ओळखीतल्या एका मुलाची मुलाखत झाली. समोरचा रिक्रूटर मराठीच. इंग्रजीत सुरू झालेलं बोलणं आडनाव वाचताच मराठीवर आलं. मुलाला बरं वाटलं. मग प्रश्न आले. मूळ गाव कुठलं? त्याने तालुका सांगितला. "हो, पण गावात नेमकं कुठे?" वडील काय करतात? आणि सगळ्यात शेवटी, तुमचा आदर्श कोण? मुलाने मनापासून उत्तर दिलं : बाबासाहेब. "कळवतो," रिक्रूटर म्हणाला. पुढे काहीच कळवलं नाही.

नकार कशामुळे आला, हे त्या मुलाला कधीच समजणार नाही. म्हणून तर हे प्रश्न विचारायचेच नसतात.

आणि ज्या देशात बसून ते विचारले गेले, त्या देशाच्या श्रम मंत्रालयाने ते जवळजवळ शब्दशः लिहून ठेवले आहेत. उमेदवार निवडताना भेदभावाकडे नेऊ शकतील अशा १४ बाबींची यादी तिथे आहे. जन्मस्थान, कुटुंबाचा व्यवसाय आणि उत्पन्न, घर कुठल्या भागात आहे, धर्म, राजकीय पक्ष, आवडतं पुस्तक, वर्तमानपत्र, आदरणीय व्यक्ती : हे काहीही विचारू नये, लिहून मागू नये. घराच्या आजूबाजूचा नकाशा काढून घेणंही त्यात बसतं. 'गावात नेमकं कुठे' याचा हा जपानी अवतार.

ही यादी मंत्रालयाला हवेतून सुचलेली नाही. जपानमध्ये बुराकु नावाचा, पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानला गेलेला समाज आहे. त्यांच्या वस्त्यांची नावं आणि पत्ते छापलेली पुस्तकं कंपन्यांना गुपचूप विकली जात होती, हे १९७५ साली उघड झालं. विकत घेणाऱ्या कंपन्या दोनशेहून अधिक निघाल्या, नामांकित कंपन्यांसह. पत्त्यावरून माणूस ओळखायचा आणि अर्ज बाजूला सारायचा, एवढाच त्या पुस्तकाचा उपयोग. त्यावरून देश हादरला. कंपन्यांना मानवी हक्कांची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी नेमायला सांगण्यात आलं. पुढे १९९९ च्या कायदादुरुस्तीनंतर उमेदवाराची अशी माहिती गोळा करण्यावरच बंधनं आली. भेदभाव तिथे संपला असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारणंच गैर आहे, हे तिथे लेखी ठरलं.

आपल्याकडे पुस्तकाची गरजच पडत नाही, आडनाव पुरतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली, मुस्लिम नावांना तर फारच कमी. हा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं, की घरची पार्श्वभूमी विचारणं त्यांना गुणवत्ता तपासण्याचाच भाग वाटतं.

"अहो, आपुलकीने विचारतो," असं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. त्यांची आपुलकी खोटी आहे असं मला वाटत नाही. पण ज्याच्या हातात समोरच्याची नोकरी, व्हिसा आणि घराचं भाडं आहे, त्याच्या आपुलकीला नाही म्हणायची सोय समोरच्याला नसते. गावच्या गप्पा ऑफर लेटर हातात दिल्यावर माराव्यात, तेव्हा त्या खऱ्या गप्पा होतील.

हेच रिक्रूटर जपानी उमेदवारासमोर बसले की १४ च्या १४ बाबी टाळतात. भाषा मराठी झाली की नियम गळून पडतो, हे मला सहन होत नाही. ग्योतोकुतल्या, निशी-कासाईतल्या आणि हिंजवडीतल्याही माझ्या मराठी रिक्रूटर मित्रांनो, ती यादी छापून लॅपटॉपशेजारी ठेवा. त्या मुलाच्या गाठीशी जावाचा सहा वर्षांचा अनुभव आहे. त्याबद्दल विचारा.