थंडीतल्या शिकारीचे कपडे
कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात नोव्हेंबरमध्ये एल्कच्या शिकारीला निघणाऱ्याला थंडीपेक्षा घामाचे भय अधिक. पहाटेच्या अंधारात चढण चढताना अंग भिजते आणि मग धारेवर दुर्बीण लावून तासन्‌तास बसायचे असते. ओला कपडा तिथे अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून अंगालगत पातळ मेरिनो लोकर. ती ओलसर झाली तरी ऊब धरते आणि चार दिवस घातली तरी फारशी वास मारत नाही, याबद्दल एल्कपेक्षा तंबूतले सोबतीच जास्त आभारी असतात. सुती बनियनला या डोंगरात काहीही काम नाही. मधला थर फ्लीसचा, वर वारा अडवणारे पण सळसळ न करणारे जाकीट. पिसांचे जाड जाकीट चढताना पाठपिशवीत राहते आणि थांबल्याबरोबर, अंग निवण्याआधी, अंगावर येते. भिजले की त्यातली पिसे गोळा होतात आणि ऊब संपते. चढणीच्या सुरुवातीला किंचित कुडकुडणे हेच बरोबर. झाडोऱ्यात लपवणारे कपडे कितीही महागाचे घेतले, तरी रायफलच्या हंगामात सर्वांत वर कायद्याने भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग हवाच: कमरेच्या वर निदान 500 चौरस इंच, शिवाय तशीच टोपी. एल्कला तो भडकपणा जाणवत नाही. इतर शिकाऱ्यांना जाणवतो.